स्ट्रायकर नाही म्हणून गोल नाही? आधी बॉक्समधली माणसं मोजा

प्रश्न : सर, १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात फुटबॉलमध्ये भारत बांगलादेशकडून ०-१ हरला, तेव्हापासून नाशिकरोडच्या आमच्या ग्रुपमध्ये रोज भांडणं चालू आहेत. निम्मे म्हणतात, सुनील छेत्री संघातून गेला आणि आपल्याकडे स्ट्रायकरच, म्हणजे पुढे राहून गोल करणाराच, उरला नाही. बाकीचे म्हणतात, कोच घाबरून खेळवतो. एकाचं म्हणणं, परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू आणल्याशिवाय काही होणार नाही. तुम्ही इतकी वर्षं पोरांना शिकवताय. आपला अटॅक नेमका कुठे कमी पडतो?

उत्तर : तुमच्या तिन्ही गटांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण तुम्ही सगळे चेंडू गोलजवळ पोचल्यानंतरचं बोलताय आणि आपलं दुखणं त्याच्या बरंच आधीचं आहे. चेंडू बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, येतो तेव्हा तिथे आपली माणसंच नसतात. असलाच तर एक असतो, फार तर दोन, आणि तेही डिफेंडरच्या मागे झाकले गेलेले. ही गोष्ट सुटेपर्यंत स्ट्रायकर बदला नाहीतर कोच बदला, स्कोअर तोच येणार.

२०२७ च्या आशियाई कपच्या पात्रता फेरीतले आपले पहिले पाच सामने बघा. शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१, सिंगापूरला जाऊन १-१, गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडूनच १-२ आणि मग ढाका. पाच सामन्यांत मिळून दोन गोल. ते दोन कसे झाले ते आठवतंय का? सिंगापूरमध्ये रहीम अलीने अगदी शेवटी बरोबरी केली, ती त्यांच्या डिफेंडरचा ढिला बॅकपास पकडून. फातोर्ड्यात छांगतेने मारला तो बॉक्सच्या बाहेरून, डाव्या पायाचा, बघत राहावा असा फटका. दोन्ही गोलांना मी सोफ्यावरून उठलो होतो. पण दोन्हींत आपण चार पास खेळून, बचाव फोडून, कुणाला गोलसमोर मोकळं केलंय असं काही नव्हतं. ढाक्यात आपल्याला सगळ्यात चांगली संधी मिळाली ती कशी? त्यांचा गोलकीपर जागा सोडून बाहेर आला होता आणि छांगतेने रिकाम्या गोलकडे मारलेला चेंडू त्यांच्या हमझा चौधरीने डोक्याने अडवला. तीही समोरच्याच्या गडबडीतूनच आलेली.

म्हणजे समोरच्याने चूक केली तर संधी, नाहीतर लांबून नशीब आजमावायचं. आणि लांबच्या फटक्यांचा हिशेब जगभर सारखाच आहे. बॉक्सबाहेरून शंभर वेळा मारलं तर गोल होतात तीन-चार. पेनल्टी स्पॉट गोलपासून ११ मीटरवर असतो. त्याच्या आत, मधोमध, चेंडू पायात आला तर हीच शक्यता कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे टीव्हीवर ‘भारताचे बारा शॉट’ असं दिसलं की लगेच खूश होऊ नका. ते कुठून मारले ते बघा.

आता बांगलादेशचा गोल पुन्हा लावून बघा. दुखेल, पण बघा. अकरावं मिनिट. आपला अटॅक तुटला, राकिब हुसेन डाव्या बाजूने चेंडू घेऊन सुटला. आपले सगळे त्याच्याकडे बघत मागे पळतायत. त्याच वेळी शेख मोरसालिन मधून पळत येतोय आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. राकिबने खालून आत पास दिला, मोरसालिनने आपल्या बॅकच्या आधी पोचून आपला गोलकीपर गुरप्रीतच्या पायांमधून चेंडू ढकलला. काय होतं त्यात? कसरत नाही, जादू नाही. एकाने बाजूने पळायचं, दुसऱ्याने त्याच क्षणी मधून पळायचं. मोरसालिनने पास येतोय की नाही याची वाट बघितली नाही. तो आधी पळाला, पास नंतर आला. आपले लोक पास आला की पळतात. त्या दीड-दोन सेकंदांत समोरचे चार जण बॉक्समध्ये येऊन उभे राहिलेले असतात.

पुढचा सामना बघताना एक काम करा. वही-पेन घेऊन बसा. आपला चेंडू बाजूने बॉक्सच्या बरोबरीला पोचला की टीव्हीकडे बघून फक्त एक आकडा लिहा : त्या क्षणी बॉक्समध्ये आपले शर्ट किती? क्रॉस, म्हणजे बाजूने आत टाकलेला चेंडू, चांगला की वाईट, ते सोडा. फक्त शर्ट मोजा. शक्य असेल तर त्याच आठवड्यात जपानचा किंवा कोरियाचा एखादा सामना लावा आणि तसेच मोजा. दोन कागद शेजारी ठेवलेत की तुमच्या ग्रुपमधली अर्धी भांडणं मिटतील. उरलेली अर्धी सुरू राहोत, त्याशिवाय मजा नाही.

माणसं बॉक्समध्ये का नसतात याचं पहिलं कारण आपल्या विंगरमध्ये, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्यांमध्ये, आहे, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. छांगते डाव्या पायाचा आणि बहुतेक वेळा उजव्या बाजूला खेळतो. लिस्टन कोलासो उजव्या पायाचा आणि डाव्या बाजूला खेळतो. हल्ली सगळीकडे असंच खेळवतात, त्यात गैर काही नाही. पण असा विंगर स्वभावतःच आत वळतो, कारण त्याचा मारायचा पाय आतल्या बाजूला आहे. तो आत वळला की तीन गोष्टी होतात. मधली गर्दी वाढते. स्ट्रायकरला पळायची जागाच उरत नाही, कारण त्याच्याच जागेवर आपला विंगर चेंडू घेऊन आलाय. आणि समोरच्या डिफेंडरला आपला गोल मागे ठेवून, सगळं समोर बघत आरामात बचाव करता येतो. त्याला मान वळवावी लागत नाही.

डिफेंडरला सगळ्यात जास्त त्रास कधी होतो? चेंडू गोललाइनजवळून मागे येतो तेव्हा. एंडलाइनपर्यंत जाऊन मागे दिलेला पास, ज्याला आपण कटबॅक म्हणतो, त्यात डिफेंडर स्वतःच्या गोलकडे पळत असतो. त्याला चेंडू आणि माणूस एकाच वेळी दिसत नाहीत. ऑफसाइडची भानगड नाही, कारण पास मागे येतोय. जगातल्या चांगल्या टीम गोलच्या गोल असे करतात. विंगर आत वळणार असेल तर मग एंडलाइनपर्यंत कुणीतरी दुसऱ्याने, म्हणजे साइडबॅकने (कडेच्या डिफेंडरने), त्याच्या बाहेरून पळत जायला हवं. आपले साइडबॅक किती वेळा जातात? ज्या दिवशी जातात त्या दिवशी आपण चांगले दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतमध्ये जाऊन आपण १-० जिंकलो होतो, तो गोल काढून बघा. छांगते तेव्हा डाव्या बाजूला होता, म्हणजे त्याचा चांगला पाय बाहेरच्या बाजूला. त्याने माणूस मागे टाकला, डाव्याच पायाने चेंडू आत दिला आणि मनवीरने तो थांबवत न बसता थेट मारला. खेळाडू तेच होते. छांगतेची फक्त बाजू बदलली होती आणि मनवीर योग्य जागी वेळेवर आला होता. मला विचाराल तर प्रत्येक सामन्यात वीस-पंचवीस मिनिटं तरी दोन्ही विंगरच्या बाजू अदलाबदल करून बघाव्यात. याला नवा खेळाडूही लागत नाही की नवा फॉर्मेशनही.

आता स्ट्रायकर. मनवीरचंच घ्या. मोहन बागानमध्ये तो उजव्या विंगला खेळतो, निळी जर्सी घातली की आपण त्याला नऊ नंबरला, म्हणजे मधल्या स्ट्रायकरच्या जागी, उभं करतो. क्लबमध्ये मधली जागा परदेशी खेळाडूची. आयएसएल या आपल्या मुख्य लीगमध्ये एका वेळी चार परदेशी मैदानात चालतात, आणि क्लबवाला पैसे मोजून माणूस आणणार तो गोल करणाराच आणणार, त्यात त्याला दोष काय देणार? २०२४-२५ च्या मोसमात सगळ्यात जास्त गोल नॉर्थईस्ट क्लबच्या अलाएद्दीन अजाराईचे, २३. भारतीयांमध्ये पहिला कोण? सुनील छेत्री, १४ गोल, वयाच्या चाळिशीत. हा आकडा छेत्रीसाठी अभिमानाचा आहे आणि बाकी सगळ्यांसाठी लाजेचा. नऊ नंबरची जागा रोजच्या सवयीची आहे. पाठ गोलकडे, मागून धक्के, अर्ध्या सेकंदात निर्णय. वर्षभर विंगला खेळून राष्ट्रीय कॅम्पच्या दहा दिवसांत ते अंगात येत नाही.

छेत्रीबद्दल एवढंच. २००५ पासून तो आपल्यासाठी गोल करत आला, ९५ केले. जून २०२४ मध्ये निवृत्त झाला, मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं, मालदीवविरुद्ध त्याने लगेच गोलही केला. पण तोही हाँगकाँगमध्ये बदली म्हणून उतरला तेव्हा त्याच्यापर्यंत चेंडू पोचलाच नाही. जानेवारी २०२४ च्या आशियाई कपमध्ये तर तो पूर्ण फॉर्मात होता, तरी ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया या तिघांविरुद्ध मिळून आपला एकही गोल नाही. म्हणून ‘छेत्री गेला म्हणून झालं’ हे मला पटत नाही. छेत्री होता तेव्हा त्याने आपलं दुखणं झाकून ठेवलं होतं, एवढंच. आणि तुमच्यातला जो इतिहासाचा दाखला मागतो त्याला सांगा, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपण फायनलमध्ये कोरियाला २-१ हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हा एक गोल पी. के. बॅनर्जीचा होता आणि दुसरा जर्नेलसिंगचा. जर्नेलसिंग मुळात डिफेंडर. डोक्याला टाके पडलेले असताना त्याला पुढे खेळवला होता. अर्थात त्याच्या आजूबाजूला पी. के., चुनी गोस्वामी आणि बलराम होते, हे विसरू नका. बॉक्समध्ये माणसं होती.

कोच घाबरतो का? खालिद जमीलने ऑगस्ट २०२५ मध्ये जबाबदारी घेतली. त्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे : मागे घट्ट, पुढे थेट. ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला त्याने २०१७ मध्ये आय-लीग जिंकून दिली ती अशीच. त्याच्या पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं, दोन्ही गोल सेंटरबॅकचे, म्हणजे मधल्या डिफेंडरचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन. पहिल्या गोलच्या मुळाशी उवैसचा लांब थ्रो होता. लांब थ्रोला नाकं मुरडणारे बरेच भेटतात. मी मुरडत नाही. उलट थ्रो आणि कॉर्नरला आपल्याला गोल का मिळतात ते बघा : कारण फक्त तेव्हाच आपले पाच-सहा जण बॉक्समध्ये असतात! अन्वर-झिंगनला पुढे जायची परवानगी फक्त तेव्हाच असते. चालू खेळात मात्र मिडफिल्डर बॉक्सच्या रेषेवर येऊन थांबतो, नाशिकच्या सीबीएस स्टँडवर बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा. ही भीती कोचची आहे की खेळाडूची, हे बाहेरून सांगता येत नाही. पण भीती आहे, हे नक्की.

ती कुठून येते ते मला आपल्याच मैदानांवर रोज दिसतं. नाशिकमध्ये आमच्या पोरांना मैदान मिळतं ते क्रिकेटवाल्यांच्या वेळा सोडून. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, दिवाळीनंतर तीच माती टणक आणि वर खडे. चेंडू सरळ येतच नाही, कधी गुडघ्याला लागेल सांगता येत नाही. मग पोरगा काय शिकतो? चेंडू आला की तळव्याखाली दाबून धरायचा, मग मान वर करायची, मग बघायचं कुठे जायचं ते. तोपर्यंत डिफेंडर त्याच्या अंगावर. चांगल्या स्ट्रायकरची पहिली टच चेंडू थांबवत नाही, पुढच्या कामाच्या जागी सरकवते. त्यासाठी अंग आधीच अर्धं गोलकडे वळलेलं हवं आणि चेंडू घ्यायचा तो पासपासून लांबच्या पायाने. डावीकडून पास आला तर उजव्या पायाच्या आतल्या बाजूने. हे एवढंसं आहे, पण चौदा वर्षांपर्यंत अंगवळणी पडलं नाही तर पुढे शिकवताना फार घाम गाळावा लागतो. हाँगकाँगविरुद्ध पहिल्या हाफमध्ये आशिक कुरुनियनने समोर गोल दिसत असताना बाहेर मारला तेव्हा तुम्ही शिव्या घातल्या असतील. पण रोज ज्याला गोलसमोर मोकळा चेंडू मिळतो तोच तो शांतपणे मारतो. ज्याला तो चार सामन्यांत एकदा मिळतो त्याची घाई होणारच.

आमच्याकडे मी एक नियम लावतो. तीन अटॅकर, एक विंगर, समोर दोन बॅक आणि गोलकीपर. विंगरने चेंडू आत टाकला त्या क्षणी आपले तिघंही बॉक्समध्ये असतील तरच गोल धरायचा. एक जवळच्या पोस्टवर, एक पेनल्टी स्पॉटवर, एक लांबच्या पोस्टवर. दोघं असतील आणि कितीही सुंदर गोल झाला तरी शून्य. सुरुवातीला पोरं वैतागतात, पालकसुद्धा कुंपणाबाहेरून कुरकुरतात. एकदा मधल्या फळीत, म्हणजे हाफच्या जागी खेळणारा एक पोरगा, चांगला हुशार, दर वेळी बॉक्सच्या कडेवर थांबायचा. मी ओरडलो तेव्हा म्हणाला, “सर, मी आत गेलो आणि बॉल गेला तर मागे कोण?”

अख्ख्या भारतीय फुटबॉलचा प्रश्न आहे हा. त्याला शाळेच्या टीममध्ये कायम हेच ऐकवलं होतं की बॉल गेला तर तुझी चूक. आपल्या शाळांच्या स्पर्धा बाद फेरीच्या, एक सामना हरला की घरी. मग सरांनाही हरायचं नसतं. सगळ्यात चांगल्या पोराला मधे ठेवायचं आणि सगळीकडे पळवायचं, उंच पोराला मागे, आणि पुढे कोण तर ज्याला वेगाने पळता येतं तो. असा पळणारा पोरगा सतराव्या वर्षी विंगर होतो. नऊ नंबर त्यातून तयार होतच नाही. ज्या पोराला आत जायची भीती वाटते त्याला ‘जा’ म्हणून भागत नाही, मागे कोण आहे ते दाखवावं लागतं. मी त्या दिवशी खेळ थांबवला, दोन बॅक आणि दुसरा हाफ कुठे उभे आहेत ते त्याला मैदानावर चालून दाखवलं. बॉल गेला तर पहिल्या पाच सेकंदांत जवळच्या तिघांनी तिथेच दाबायचं, मागे पळायचं नाही, हेही ठरवलं. त्यानंतर तो आत जायला लागला. अटॅक सुधारायचा तर बॉल गेल्यावर काय करायचं ते आधी शिकवावं लागतं. भारतीय टीममध्येही मला तेच बघायचंय : झिंगनच्या पुढे एक हाफ कायम थांबलेला, आणि उरलेले दोघं बिनधास्त बॉक्समध्ये.

राहता राहिले परदेशातले. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे परदेशी पासपोर्ट सोडल्याशिवाय कुणाला निळी जर्सी घालता येत नाही. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा सोडला, म्हणून त्याचं मला कौतुक आहे. ढाक्यात त्याला उतरता आलं नाही ही गोष्ट वेगळी. असे अजून चार-पाच आले तर दर्जा वाढेल, सरावात बाकीच्यांची गती वाढेल. जरूर आणा. पण बांगलादेशचं उदाहरण देताना एक लक्षात ठेवा. हमझा चौधरी लेस्टरचा, इंग्लंडमध्ये वाढलेला, त्याने ढाक्यात आपला नक्की गोल वाचवला. त्यांचा गोल मात्र राकिब आणि मोरसालिनने केला, आणि ते दोघं तिथल्याच लीगमध्ये खेळतात.